नव्या संगणकावर उपग्रहाचे सॉफ्टवेअर: आधी घड्याळ, मग केबल, शेवटी उपग्रह

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या संगणकावर चार-पाच वर्षे सॅटपीसी३२ (हौशी रेडिओवाल्यांचा, उपग्रहाचा माग काढून रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलत नेणारा प्रोग्राम) बिनतक्रार चालले. आता नवा संगणक आला, प्रोग्राम पुन्हा उतरवून बसवला. नकाशावर उपग्रह फिरताना दिसतात, पण आयकॉम ९७०० हा रेडिओ संगणकाचे कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. ऐकला तरी आरएस-४४ या हौशी रेडिओ उपग्रहावरून परत येणारा स्वतःचा आवाज सापडत नाही, जो पूर्वी पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबताच सापडायचा. जाता जाता विचारलेत की आता जीप्रेडिक्ट या दुसऱ्या प्रोग्रामकडे वळावे का.

वळायचे की नाही ते नंतर बघू. जुना संगणक अजून पुसला नसेल तर पुसू नका आणि कोणाला देऊनही टाकू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून अनेकांनी यंत्रे बदलली, आणि बदलताना बहुतेकांनी तीच चूक केली जी मीही एकदा करून बसलो आहे. प्रोग्राम केव्हाही पुन्हा मिळतो. पण कोणत्या उपग्रहावर आपला रेडिओ किती हर्ट्झ इकडे-तिकडे जातो, हे पासामागून पास (पास म्हणजे उपग्रहाची आपल्या आकाशातली एक फेरी) ऐकत जमवलेले आकडे जगात एकाच ठिकाणी असतात, आपल्या जुन्या डिस्कवर. मी लॅपटॉप उत्साहाने फॉरमॅट केला आणि पुढचे दोन महिने प्रत्येक उपग्रहावर 'हॅलो, हॅलो' करत स्वतःला शोधत बसलो.

सॅटपीसी३२ चे हे आकडे प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसतात. विंडोज वापरकर्त्याच्या खात्यातल्या लपवलेल्या अॅपडेटा फोल्डरात, रोमिंगच्या आत, सॅटपीसी३२ नावाचे फोल्डर असते, तिथे ते असतात. रन खिडकीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये अॅपडेटा हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर मारले की थेट रोमिंगमध्ये पोहोचता. ते अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. त्यातली डॉप्लर नावाची, एसक्यूएफ शेपटीची फाइल हा सगळ्यात मोलाचा ऐवज. साधी मजकूर-फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत उपग्रहाचे नाव, किलोहर्ट्झमध्ये डाउनलिंक (उपग्रहाकडून येणारी फ्रिक्वेन्सी), मग अपलिंक (त्याच्याकडे जाणारी), दोन्हींचे मोड, ट्रान्सपॉन्डर (आपला आवाज परत पाठवणारे उपग्रहातले यंत्र) सरळ की उलटा, आणि शेवटी दोन दुरुस्तीचे आकडे. नव्याने बसवलेल्या प्रोग्रामसोबत आलेल्या फाइलमध्ये ते शेवटचे दोन आकडे शून्य असतात. तुमचा आवाज हरवला आहे तो बहुधा तिथेच.

मात्र अख्खे फोल्डर डोळे झाकून नव्या यंत्रावर ओतू नका. त्यात जुन्या संगणकाचे पोर्ट क्रमांकही असतात, ते नव्याला लागू नाहीत. मी फक्त डॉप्लरची फाइल आणि निरीक्षण-स्थळाची माहिती नेतो, बाकीचे पुन्हा भरतो. आणखी एक बारकावा, जो आपल्यालाच नडतो: नवा संगणक सुरू करताना हौसेने वापरकर्त्याचे नाव देवनागरीत ठेवले असेल, तर त्या नावाचे फोल्डर तयार होते, आणि जुन्या वळणाच्या काही प्रोग्रामांना अशा पथावरची फाइल उघडता येत नाही. ते तक्रारही करत नाहीत, नुसते रिकामे उघडतात. रेडिओसाठी साध्या रोमन नावाचे वेगळे खाते काढा.

आता घड्याळ. हे लोकांना क्षुल्लक वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. उपग्रह नकाशावर कुठे दिसतो हे उपग्रह सांगत नाही. प्रोग्राम संगणकाचे घड्याळ वाचून गणित करतो. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर जातो, म्हणजे घड्याळ दहा सेकंद चुकले की नकाशावरचा ठिपका पंचाहत्तर किलोमीटर चुकला. अँटेनाच्या रुंद पल्ल्यात एवढे खपते. डॉप्लरमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते त्यात, खपत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना ४३७ मेगाहर्ट्झवरचा त्याचा डाउनलिंक सेकंदाला दोनशे हर्ट्झच्या आसपास सरकतो. आरएस-४४ बराच वरून जातो, त्याची कक्षा साधारण ११७५ ते १५०० किलोमीटर, तरीही अगदी डोक्यावरून गेला तर ४३५ वर सेकंदाला पन्नासेक हर्ट्झ सरकतोच. एफएमवर हे कळत नाही. एसएसबी या अरुंद आवाजी पद्धतीवर दोन-तीनशे हर्ट्झ म्हणजे माणसाचा बदक होतो.

विंडोज आपले घड्याळ इंटरनेटवरून जुळवते खरे, पण फार अंतराअंतराने, आणि नवी यंत्रे झोपेतून उठल्यावर मागे राहिलेली मी पाहिली आहेत. एनटीपीचा (इंटरनेटवरून वेळ जुळवणारा) एखादा चांगला प्रोग्राम बसवा आणि तो चालू राहतो का ते तपासा. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणार असाल तर आणखी एक खड्डा आहे: विंडोज मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेत ठेवते, लिनक्स यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). एकातून दुसऱ्यात गेलात की काही वेळ घड्याळ तासांनी चुकलेले असते. टाइम झोनही नीट बघा. प्रोग्राम यूटीसी दाखवतो, पण ते काढतो संगणकाच्या वेळेतून झोनचा फरक वजा करून. झोन चुकीचा आणि भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ मात्र जुळती, अशी परिस्थिती असेल तर सगळे पास व्यवस्थित, पण चुकीच्या वेळी दिसतात.

स्थानाबद्दल एवढेच: रेखांशाचे चिन्ह तपासा. पूर्व धन हा आजचा सर्वसाधारण रिवाज, पण प्रेडिक्टसारख्या जुन्या प्रोग्रामात पश्चिम धन असते. आकडे एकातून दुसऱ्यात चिकटवले की तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्याच गोलार्धात. उंची शंभर मीटर इकडे-तिकडे झाली तर काही बिघडत नाही.

केप्स, म्हणजे कक्षेची दोन ओळींची मूलतत्त्वे, नव्या यंत्रावर पहिल्या दिवशीच ताजी करा. प्रोग्रामसोबत आलेली जुनी असतात. इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली, जुन्या आवृत्त्यांत भरलेले पत्ते आता चालत नाहीत. केप्स देणारे सेलेस्ट्रॅक हे संकेतस्थळ डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर गेले आणि फाइल मागण्याची पद्धतही बदलली. प्रोग्राम 'अपडेट झाले' म्हणतो आणि आतली फाइल मागच्या वर्षीची असते. म्हणून त्याच्या शब्दावर न जाता फाइल उघडून बघा: पहिल्या ओळीत कक्षेच्या मोजणीची तारीख असते, वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि पुढे वर्षातला कितवा दिवस. २६०३२ असे सुरू होत असेल तर २०२६ चा बत्तिसावा दिवस, म्हणजे १ फेब्रुवारी. दर पाच मिनिटांनी अपडेट मारण्याचीही गरज नाही. वारंवार मागणाऱ्याला सेलेस्ट्रॅक सरळ अडवते. दिवसातून एकदा पुष्कळ झाले.

दुसरी अडचण नावांची. तोच उपग्रह अॅमसॅट या हौशी उपग्रह संघटनेच्या फाइलमध्ये एसओ-५० असतो आणि सेलेस्ट्रॅकच्या फाइलमध्ये सौदीसॅट १सी, कंसात एसओ-५०. एओ-७ चेही तसेच. सॅटपीसी३२ डॉप्लरच्या फाइलमधली ओळ नावावरून शोधते, आणि नाव एका अक्षराने वेगळे असले तरी तिच्या लेखी तो उपग्रह अनोळखी. मग नकाशावर उपग्रह दिसतो, पण फ्रिक्वेन्सीची खिडकी रिकामी. यावर उपाय प्रोग्रामसोबतच येतो, अॅमसॅटनेम्स नावाची मजकूर-फाइल. तिच्यात कॅटलॉग क्रमांकासमोर आपल्याला हवे ते नाव असते. क्रमांक कधी बदलत नाहीत: स्थानक २५५४४, एसओ-५० चा २७६०७, आरएस-४४ चा ४४९०९, एओ-७ चा ७५३०. नावावरून गोंधळ झाला की मी आधी क्रमांक पाहतो.

आता केबल, आणि तुमचा 'कधी ऐकतो, कधी नाही'. आयकॉमचा ड्रायव्हर आधी बसवायचा, मग यूएसबी केबल लावायची, हा क्रम त्यांच्या सूचनांत आहे आणि तो उगीच नाही. उलटे झाले असेल तर केबल काढा, डिव्हाइस मॅनेजरमधून ती नोंद पुसा, ड्रायव्हर बसवा, पुन्हा लावा. ९७०० एकाच केबलवर दोन कॉम पोर्ट दाखवतो. रेडिओला आज्ञा द्यायचा पोर्ट त्यांतला एकच. पहिल्याने नाही ऐकले तर दुसरा वापरून बघा, यात कमीपणा नाही. केबल दुसऱ्या यूएसबी तोंडात घातली की विंडोज बऱ्याचदा पोर्टचा क्रमांक बदलते. म्हणून तोंड ठरवा आणि त्यावर रंगीत चिकटपट्टी लावा. माझ्या यंत्रावर ती पिवळी आहे.

रेडिओच्या मेनूत सीआय-व्ही (आयकॉमची संगणक-नियंत्रणाची भाषा) पत्ता ए२ आहे का बघा (९१०० चा ७सी, ९१० चा ६०. जुन्या रेडिओवरून आलेल्यांच्या सेटिंगमध्ये हे आकडे राहून जातात). बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) 'ऑटो' वर न ठेवता दोन्हीकडे एकच ठरावीक ठेवा. सीआय-व्ही ट्रान्सीव्ह बंद करा. हे चालू असले की रेडिओची चकती जराशी फिरली तरी तो स्वतःहून संगणकाला कळवू लागतो, त्याच वेळी संगणक डॉप्लरची नवी फ्रिक्वेन्सी पाठवत असतो, आणि दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. तुमच्या अधूनमधून बहिऱ्या होणाऱ्या रेडिओचे मला पहिले संशयित हेच वाटते. दुसरे संशयित, विंडोजची वीज वाचवण्याची सवय: काही वेळ हालचाल नसली की ती यूएसबी पोर्ट झोपवते. पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. आणि हे सांगताना हसू येते, पण सांगतो: सॅटपीसी३२ च्या वरच्या कोपऱ्यात सी अक्षरापुढे उणे चिन्ह असेल तर रेडिओ-नियंत्रण बंद आहे. त्यावर क्लिक करून अधिक करायचे. तासभर केबली बदलून मग हे दिसलेले लोक मला माहीत आहेत. त्यांत मी आहे.

वेगळी यूएसबी-सिरियल केबल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिपच्या केबली नव्या विंडोजचा ड्रायव्हर ओळखूनही चालवायला नकार देतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि कोड १०. त्यावर जुना ड्रायव्हर लादण्याच्या युक्त्या आहेत. पुढच्या अपडेटला त्या उडतात. एफटीडीआय चिपची अस्सल केबल घ्या आणि विषय संपवा.

या टप्प्यावर ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या भारावर) हवा, किंवा पॉवर किमान. संगणक सुरू होताना किंवा प्रोग्राम पोर्ट उघडताना आरटीएस, डीटीआर या दोन तारा क्षणभर वर जातात, आणि रेडिओत यूएसबी सेंड त्यांपैकी एखाद्या तारेला बांधलेले असले की रेडिओ आपोआप प्रसारणात जातो. नव्या संगणकाच्या पहिल्या अपडेटच्या रात्री माझा रेडिओ असा पुन्हा पुन्हा प्रसारणात जात राहिला, मी शेजारच्या खोलीत. अँटेनाच्या तोंडाशी प्रीअॅम्प (क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) होता. होता, एवढेच म्हणतो. आवाजी संभाषणासाठी यूएसबी सेंड बंदच ठेवा.

इथवर आल्यावरच उपग्रहाकडे वळायचे, आणि तेही आधी नुसते ऐकायला. आरएस-४४ चा मोर्सचा बीकन (उपग्रहाचा ओळख-संकेत) ४३५.६०५ वर असतो. प्रोग्रामला ती फ्रिक्वेन्सी द्या, सीडब्ल्यूवर (मोर्सच्या मोडवर) ऐका, हात मागे ठेवा. पास सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बीकनचा सूर स्थिर राहिला पाहिजे. दुरुस्ती बंद असती तर तो वर-खाली मिळून पंधरा-सतरा किलोहर्ट्झ सरकला असता. सूर स्थिर असेल तर घड्याळ, स्थान, केप्स, पोर्ट, सगळे एका पासात तपासून झाले.

मग प्रसारण. आरएस-४४ चा ट्रान्सपॉन्डर उलटा आहे: अपलिंक १४५.९३५ ते १४५.९९५, डाउनलिंक ४३५.६१० ते ४३५.६७०, वर एलएसबी (खालचा साइडबँड) पाठवायचे, खाली यूएसबी (वरचा साइडबँड, केबलचा यूएसबी नव्हे) ऐकायचे. अपलिंक आणि डाउनलिंकची बेरीज नेहमी ५८१.६०५. डॉप्लरच्या फाइलमधली ओळ बरोबर आहे का ते या बेरजेने तपासा, आणि ओळीत ट्रान्सपॉन्डर उलटा अशी नोंद आहे का तेही. पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला जाऊन, कमी पॉवरवर, हेडफोन लावून एक-दोन अक्षरे बोला आणि स्वतःला शोधा. सापडलात की कुठे सापडलात याची पासभर नोंद ठेवा. खरे निदान त्या नोंदीत आहे.

चूक पासभर सारखीच राहिली, समजा चारशे हर्ट्झ सुरुवातीलाही आणि शेवटीही, तर दोष रेडिओच्या ऑसिलेटरचा किंवा उपग्रहाच्या ट्रान्सपॉन्डरचा. ४३५ मेगाहर्ट्झवर दशलक्षात एक एवढी चूकसुद्धा ४३५ हर्ट्झ होते. हीच चूक ओळीच्या शेवटच्या दोन आकड्यांपैकी एकात भरायची. मी अपलिंकच्या खात्यात टाकतो, म्हणजे इतरांना ऐकताना गडबड होत नाही.

चूक टोकांना जवळजवळ नाही, पण उपग्रह सर्वात जवळ असताना वाढते आणि दूर गेल्यावर पुन्हा ओसरते, असे दिसले तर आकड्यांना हात लावू नका. ते घड्याळ किंवा शिळे केप्स आहेत. जवळून जाताना डॉप्लर सर्वात वेगाने बदलतो, म्हणून वेळेची चूक तिथेच उघडी पडते. आरएस-४४ वर उलट्या ट्रान्सपॉन्डरमुळे अपलिंक आणि डाउनलिंकचे डॉप्लर एकमेकांतून वजा होतात. तरी दहा सेकंदांच्या चुकीला डोक्यावरच्या पासात तीनेकशे हर्ट्झ उरतातच.

तिसरा नमुना: पासाच्या सुरुवातीला एका बाजूला दोन-तीन किलोहर्ट्झ, मध्ये शून्य, शेवटी दुसऱ्या बाजूला तेवढेच. म्हणजे अपलिंकची दुरुस्ती रेडिओपर्यंत पोहोचतच नाही, फक्त डाउनलिंक हलतो आहे. तुमच्याकडे 'ऐकतो, पण आवाज सापडत नाही' आहे, म्हणून पहिला आणि तिसरा नमुना दोन्ही शक्य. एका पासाची नोंद घेतलीत की कोणता ते स्वच्छ कळेल.

आता जीप्रेडिक्ट. चांगला, मोफत आणि खुला प्रोग्राम आहे, अलेक्झांड्रू चेटे यांनी लिहिलेला. लिनक्सवर मी तोच वापरतो. पण सॅटपीसी३२ चालत नाही म्हणून तिकडे जाऊ नका. घड्याळ, पोर्ट आणि सीआय-व्हीच्या अडचणी तिकडेही सोबत येतील, वर हॅमलिब नावाचा एक थर वाढेल. जीप्रेडिक्ट रेडिओशी स्वतः बोलत नाही. मध्ये रिगसीटीएलडी नावाचा सेवक चालवावा लागतो, तो पोर्ट ४५३२ वर ऐकतो. रोटरचा (अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा) वेगळा, ४५३३ वर. सेवकाला रेडिओचा मॉडेल क्रमांक सांगायचा असतो, आणि हॅमलिबच्या चौथ्या आवृत्तीत हे सगळे क्रमांक बदलले. ९७०० चा ३०८१ आहे. जुन्या टिपणातून उतरवलेली आज्ञा त्यामुळे चालत नाही. मुख्य आणि उपबँडपैकी अपलिंक कोणता, हे निवडण्याच्या दोन शक्यता आहेत. उलटे हलू लागले की दुसरी निवडा.

लिनक्सवर पोर्ट उघडताना परवानगी नाकारली गेली तर स्वतःला डायलआउट गटात घाला आणि बाहेर पडून पुन्हा आत या. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपची केबल लावल्या लावल्या गायब होत असेल तर ब्रेल-यंत्रांसाठीचा बीआरएलटीटी तिला बळकावतो. लागत नसेल तर तो काढून टाका. पोर्टचे नाव टीटीवायूएसबी शून्य असे न देता बाय-आयडी फोल्डरातले लांब नाव द्या, ते केबल हलवली तरी तेच राहते. जीप्रेडिक्टचा तुमचा ऐवज घरच्या फोल्डरातल्या लपवलेल्या कॉन्फिगमध्ये असतो. पुढच्या संगणक-बदलाला तो उचलायला विसरू नका.

रोटर सर्वात शेवटी जोडा, आणि पहिल्यांदा हलवताना केबलींकडे बघत उभे राहा. जी-५५०० हा रोटर क्षितिजाभोवती ४५० अंश फिरतो. प्रोग्रामला ३६० सांगितले असेल तर तो पासाच्या मध्यात उत्तर ओलांडताना अख्खा फेरा उलटा मारतो आणि तेवढ्यात उपग्रह निघून जातो.

आरटीएल-एसडीआरने (यूएसबीत लावायच्या रिसीव्हरने) नुसते ऐकत असाल तर विंडोजवर झॅडिग हा ड्रायव्हर बदलणारा प्रोग्राम चालवून विनयूएसबी ड्रायव्हर द्यावा लागतो. यादीतून इंटरफेस शून्य निवडला आहे याची दोनदा खात्री करा. चुकून माउसला तो ड्रायव्हर दिला तर माउस मरतो आणि पुढचे सगळे कीबोर्डवरून करावे लागते.

आणि जुने यंत्र पुसण्याआधी टीक्यूएसएल या, संपर्कांच्या नोंदींवर डिजिटल सही करणाऱ्या प्रोग्राममधून प्रमाणपत्रासह पूर्ण बॅकअप घ्या. तुमची सही तिथल्या खाजगी किल्लीत आहे, ती उतरवून मिळत नाही. नव्या लॉग-प्रोग्राममध्ये उपग्रह-संपर्कासाठी प्रसारणाचा प्रकार 'सॅट' आणि उपग्रहाचे नाव, दोन्ही रकाने भरले जातात का ते पहिल्या संपर्कालाच बघा. स्थानकामार्फत झालेल्या संपर्काला लॉगबुक ऑफ द वर्ल्डमध्ये (संपर्क पडताळणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीत) नाव एरिस असे लागते, आयएसएस नाही.

एका पासाची नोंद कळवा: चूक किती हर्ट्झ, आणि सुरुवातीला, मध्यावर, शेवटी. सोबत डॉप्लरच्या फाइलमधली आरएस-४४ ची ओळ जशीच्या तशी लिहा.